सौम्य स्टिरॉइड मलम: कोणत्या चट्ट्यावर, किती आणि किती दिवस

औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेवर एखादे चांगले मलम द्या’ असे म्हटले की जी ट्यूब हातात पडते, तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. ते कोणते आणि किती तीव्र, हे घेणारा विचारत नाही आणि देणाराही आपण होऊन सांगत नाही. याच्या उलट, त्वचारोगतज्ज्ञाने इसबासाठी विचारपूर्वक लिहून दिलेले सौम्य मलम ‘स्टिरॉइड आहे म्हणे’ एवढ्याच धास्तीने कपाटात पडून राहते आणि लेकरू रात्रभर खाजवत जागते. पहिल्या प्रकारात औषध नको तिथे आणि नको तितके लावले जाते, तर दुसऱ्या प्रकारात हवे तिथेही लावले जात नाही. या लेखात सौम्य गटातल्या मलमाचा, म्हणजे प्रामुख्याने १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचा, सुरक्षित वापर टप्प्याटप्प्याने मांडला आहे. डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल, तर अर्थातच त्यांचे ऐकावे.

हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे आपल्याच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींतून रोज स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक. ते त्वचेवर लावल्यास दाह शमतो, हे सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९५२ साली दाखवून दिले. या औषधाने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, दाह पेटवणाऱ्या रासायनिक संदेशांना आळा बसतो आणि त्यामुळे लाली, सूज व खाज उतरते. मात्र दाह ज्या कारणाने झाला, ते कारण या मलमाने जात नाही. टिकलीच्या डिंकाने कपाळावर उठलेला चट्टा मलमाने बरा होईल, पण दुसऱ्या दिवशी तीच टिकली लावली तर तो पुन्हा उठेल, आणि दोष मात्र मलमाला दिला जाईल.

पहिला टप्पा: दुखणे कोणते आहे ते ठरवा

ट्यूब उघडण्यापूर्वीचा हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच गाळला जातो. सौम्य स्टिरॉइडचा उपयोग जंतुसंसर्ग नसलेल्या, दाहाने लाल झालेल्या आणि खाजणाऱ्या त्वचेवर होतो. कोपराच्या व गुडघ्यामागच्या लवणीतले इसब, भांडी घासून किंवा सतत लसूण सोलून बोटांना आलेला दाह, नकली दागिन्यांतल्या निकेलमुळे कानाच्या पाळीला किंवा गळ्याला आलेली खाज आणि किडा चावून उठलेली गांधी ही त्याची नेहमीची उदाहरणे. आपल्याकडे त्यात गाजर गवताचीही भर घालावी लागते, कारण शेतात किंवा रिकाम्या प्लॉटवर हे गवत उपटणाऱ्यांच्या हातांवर, मानेवर आणि पापण्यांवर उठणारा दाह महाराष्ट्रातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. बिब्ब्याच्या तेलाने किंवा काजूच्या टरफलातल्या तेलाने त्वचा भाजून फोड आले असतील, तर मात्र घरचे सौम्य मलम पुरे पडत नाही आणि अशा वेळी थेट डॉक्टरांकडे जावे.

ज्या दुखण्यांवर हे मलम लावूच नये, त्यांत पहिले नाव गजकर्णाचे आहे. कडा उंच व खवलेदार, मध्यभाग निवळलेला, चट्टा बाहेरच्या बाजूने पसरत जाणारा, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली उठलेला आणि घरातल्या आणखी कोणाला तरी तसेच झालेले, असे चित्र दिसले की ती बुरशी समजावी. स्टिरॉइड लावल्यावर खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस खूश होतो. पण त्याच वेळी बुरशीशी लढणारी त्वचेची प्रतिक्रिया दबलेली असते, त्यामुळे बुरशी आतल्या आत पसरते, गोल कडा पुसट होतात आणि पुढे निदान करणाऱ्या डॉक्टरांनाही ती पटकन ओळखू येत नाही. पावसाळ्यात ओल्या कपड्यांत तासन्‌तास वावरणाऱ्यांना मांडीच्या सांध्यात खाज सुटली, तर ती बुरशीचीच असण्याचा संभव मोठा असतो, हे लक्षात ठेवावे.

खरूज, कांजिण्या, नागीण, ओठांवरचे जर (तापाचे फोड), पू झालेले फोड, उघडी जखम आणि चेहऱ्यावरच्या तारुण्यपीटिका यांवरही हे मलम लावू नये. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या आहेत आणि घरात दोघातिघांना एकदमच त्रास सुरू झाला, तर ती खरूज असते आणि तिचे औषध वेगळे आहे. अंगावर पित्त उठते, तेव्हाही लोक मलम चोळतात, पण ती गांधी काही तासांत आपोआप विरून दुसरीकडे उठते, त्यामुळे मलमाचा तिथे काही उपयोग नाही. फिकट चट्ट्यावर स्पर्श, ऊन किंवा गार नीट कळत नसेल, तर कोणतेही मलम न लावता कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.

दुसरा टप्पा: ट्यूब वाचा

खोक्यावरचे मोठे नाव सोडून खाली बारीक अक्षरांत छापलेली घटकद्रव्ये वाचावीत, आणि तो मजकूर इंग्रजीत असल्याने अडचण येत असेल तर घरातल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावा. हायड्रोकॉर्टिसोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन ॲसिटेट, ०.५ ते १ टक्का, असे लिहिलेले असेल तर ते सौम्य. नाव हायड्रोकॉर्टिसोनचेच, पण पुढे ब्युटिरेट लिहिलेले असेल, तर ते तीव्र गटात मोडते आणि तेथे ०.१ टक्का हा आकडा पाहून फसायला होते.

टक्केवारीवरून तीव्रता ठरत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ‘०.०५ टक्केच तर आहे’ असे म्हणून क्लोबेटासॉल चेहऱ्याला लावणारे लोक भेटतात. क्लोबेटासॉल प्रोपियोनेट हे अतितीव्र गटातले औषध असून त्याचे ०.०५ टक्क्यांचे मलम १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पटींनी प्रभावी असते. बीटामेथासोन व्हॅलरेट आणि मोमेटासोन ही तीव्र गटात येतात. यांपैकी कोणतेही नाव ट्यूबवर असेल, तर या लेखातले दिवस आणि मोजमाप त्या ट्यूबला लागू होत नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान मिश्रणांनी केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक कोंबलेले असते आणि ‘काहीही असो, यातले एखादे लागू पडेल’ या हिशेबाने ते विकले जाते. गोरे करण्यासाठी म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही मलमांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचे मिश्रण असते. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो, आणि पुढे लाली, पुरळ, बारीक लाल शिरा, ओठांभोवती केसांची लव आणि उन्हात गेले की होणारी आग हे सगळे मागून येते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृती दल नेमले, यावरून प्रश्न केवढा आहे ते कळते. घटक न छापलेल्या डबीतले ‘जडीबुटीचे’ मलम तर अजिबात घेऊ नये. अशा डब्यांत छुपे स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत.

क्रीम घ्यावे की ऑइंटमेंट, हे चट्ट्यावर अवलंबून आहे. लस येणाऱ्या, ओलसर किंवा घडीतल्या जागेवर क्रीम बरे, तर कोरड्या, जाडसर, भेगा पडलेल्या त्वचेवर तेलकट ऑइंटमेंट जास्त चांगले. डोक्याच्या त्वचेसाठी लोशन मागावे, म्हणजे केसांत चिकटा होत नाही.

तिसरा टप्पा: जागा पाहा

सगळ्या अंगाची त्वचा सारखी नाही. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कोणत्या भागातून किती शोषले जाते ते मोजले. हाताच्या आतल्या बाजूचे, मनगट ते कोपर या भागातले शोषण १ धरले, तर कपाळावर ते सुमारे ६ पट, जबड्याच्या कडेला १३ पट आणि पुरुषांच्या वृषणाच्या त्वचेवर ४२ पट भरले. तळपायाला मात्र ते एक सप्तमांशच होते. तेच मलम टाचेच्या भेगाळ इसबावर नाममात्र ठरते आणि जांघेत तीव्र ठरते, ते यामुळेच.

म्हणून चेहरा, मान, काख, स्तनांखालची घडी, जांघ आणि जननेंद्रिये या जागांवर सौम्य मलमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, आणि त्यांनी सांगितले तरी ते मोजक्या दिवसांपुरतेच असावे. पापण्यांवर तर विशेष जपावे, कारण डोळ्यांभोवती दीर्घकाळ स्टिरॉइड लावल्याने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. मलम लावून वर प्लॅस्टिक, चिकटपट्टी किंवा घट्ट पट्टी बांधली की शोषण कित्येक पटींनी वाढते. बाळाचा डायपर हेही प्लॅस्टिकचे आवरणच असते, हे आईबापांच्या लक्षात येत नाही.

चौथा टप्पा: बोटाने मोजा

‘पातळ थर लावा’ या सूचनेचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ बोटाच्या पेराचे माप वापरतात. प्रौढ माणसाने तर्जनी आडवी धरून तिच्या टोकाच्या पेरावर, म्हणजे शेवटच्या रेषेपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून एक सलग पट्टी काढायची. ट्यूबचे तोंड साधारण ५ मिलिमीटर रुंद असेल, तर या पट्टीत सुमारे अर्धा ग्रॅम मलम येते आणि बोटे जुळवलेल्या दोन प्रौढ पंजांइतक्या त्वचेला ते पुरते. मलम मुलाला लावायचे असले तरी बोट आणि पंजा मोठ्या माणसाचाच धरायचा.

एक उदाहरण घेऊ. डॉक्टरांनी पाच वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कोपरांच्या लवणीत दिवसातून दोनदा लावायला सांगितले आहे आणि प्रत्येक चट्टा आईच्या अर्ध्या पंजाएवढा आहे. दोन्ही मिळून एक पंजा झाला, म्हणजे एका वेळेला अर्धे पेर, पाव ग्रॅम. दिवसाला अर्धा ग्रॅम आणि आठवड्याला साडेतीन ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब या हिशेबाने आठवड्यात संपली, तर चौपट मलम लागत आहे हे उघड आहे. आणि आठवड्यानंतर ट्यूब जवळजवळ भरलेलीच असेल, तर भीतीपोटी नुसते बोट पुसले जात आहे. कमी लावणे हीसुद्धा चूकच आहे, कारण त्यामुळे दाह पुरता शमत नाही, उपचार रेंगाळतो आणि शेवटी एकूण मलम जास्तच लागते.

पाचवा टप्पा: लावण्याची रीत

आधी हात धुवावेत. अंघोळीला कढत पाणी घेऊ नये, कोमट पाण्याने थोडक्यात आटोपावी, चट्ट्यावर साबण, उटणे किंवा घासणी फिरवू नये आणि टॉवेलने रगडण्याऐवजी टिपून घ्यावे. त्वचा किंचित ओलसर असतानाच मोजलेले मलम ठिपक्यांनी चट्ट्यावर ठेवून, केस ज्या दिशेने वळलेले असतात त्या दिशेने हळुवार पसरावे. ते त्वचेवर चकाकले पाहिजे, पण पांढरा थर दिसता कामा नये. जोराने चोळल्याने ते जास्त आत जात नाही, उलट केसांच्या मुळाशी पुळ्या येण्याची शक्यता वाढते. मलम चट्ट्यापुरतेच लावावे. आजूबाजूच्या निरोगी त्वचेवर ‘खबरदारी म्हणून’ लावण्यात काही हशील नाही. उपचार हातांचाच चालू नसेल, तर लावून झाल्यावर हात पुन्हा धुवावेत.

इसबामध्ये मॉइश्चरायझर हे रोजचे औषध आणि स्टिरॉइड हे भडक्याच्या वेळचे औषध, असे समजावे. साधे, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर किंवा शुद्ध खोबरेल तेल सगळ्या कोरड्या त्वचेला दिवसातून दोनतीनदा लावावे. मॉइश्चरायझर आणि स्टिरॉइड यांत सुमारे वीस मिनिटे ते अर्धा तास अंतर ठेवावे, नाहीतर मलम पातळ होऊन भलतीकडे पसरते. आधी कोणते, यावर वाद घालण्यासारखे काही नाही. पॅराफिनयुक्त मलमे कपड्यांत आणि पांघरुणात मुरली की ते कापड चटकन पेट घेते, तेव्हा देवघरातली समई, गॅसची शेगडी आणि विडीकाडी यांच्या जवळ जाताना भान ठेवावे.

चट्ट्यावर हळद, लिंबू, लसूण, कापूर किंवा बिब्बा यांपैकी काहीही सोबत लावू नये. लसणाच्या रसाने त्वचा अक्षरशः भाजते आणि मग मूळ दुखणे कोणते होते हेच कळेनासे होते.

सहावा टप्पा: थांबण्याचा दिवस आधीच ठरवा

पहिल्यांदा मलम लावाल, त्याच दिवशी खोक्यावर पेनाने दोन तारखा लिहून ठेवाव्यात, एक सुरुवातीची आणि दुसरी सात दिवसांनंतरची. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सलग सात दिवसांपलीकडे जायचे नाही. दिवसातून एकदा किंवा फार तर दोनदा लावायचे. तिसऱ्यांदा लावल्याने गुण वाढत नाही. खाज आणि खरबरीतपणा चौथ्या दिवशी गेला, तर आणखी दोन दिवस लावून थांबावे, कारण दाह वरून दिसेनासा झाला तरी आत थोडा शिल्लक असतो. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आठवडाभर, लहान जागेवर वापरलेले असेल, तर ते एकदम थांबवायला हरकत नाही.

येथे आपल्या सावळ्या त्वचेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. गोऱ्या त्वचेवर दाह गुलाबी-लाल दिसतो, तर सावळ्या त्वचेवर तो जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो, आणि दाह ओसरल्यावर मागे राहणारा काळा किंवा फिकट डागही साधारण तसाच भासतो. त्यामुळे पुष्कळ लोक डाग जात नाही म्हणून मलम लावतच राहतात. डाग म्हणजे दाह नव्हे. त्या जागेवरून बोट फिरवावे: त्वचा सपाट, मऊ आणि गार लागत असेल, खाज नसेल, तर मलमाचे काम संपले आहे. उरलेला डाग जायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात आणि स्टिरॉइडने तो लवकर जात नाही. उलट दीर्घ वापराने त्वचा फिकी पडून नवाच डाग तयार होऊ शकतो.

स्टिरॉइडमुळे त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची निर्मिती मंदावते, म्हणून महिनोन्‌महिने वापरल्यास, विशेषतः तीव्र मलमाने, त्वचा कागदासारखी पातळ होते आणि जांघेत व काखेत पोटावरच्या प्रसूतीच्या वळांसारखे कायमचे वळ उठतात. सौम्य मलम ठरल्या दिवसांत वापरले तर हे सहसा होत नाही. पण ‘लावले की बरे, थांबवले की पुन्हा’ असे चक्र सुरू झाले असेल, तर नवी ट्यूब आणण्याऐवजी कारण शोधावे. तीव्र मलम बरेच महिने चेहऱ्यावर लावून झाले असेल, तर ते मनानेच बंद करू नये. बंद केल्यावर लाली आणि आग आधीपेक्षा वाढते, आणि ते कसे सांभाळायचे हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरवावे लागते.

मुले, गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी

दहा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नये. मुलांचे अंग वजनाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे औषध प्रमाणाबाहेर शोषले जाते. गरोदरपणी सौम्य मलम थोड्या जागेवर वापरणे सुरक्षित मानले जाते, तरी दिवस गेल्याचे डॉक्टरांना सांगून मगच वापरावे. अंगावर पाजणाऱ्या आईने स्तनाग्रावर मलम लावू नये, आणि उपचारासाठी लावावेच लागले तर पाजण्यापूर्वी नीट पुसून घ्यावे.

एकाची ट्यूब दुसऱ्याने वापरू नये. शेजारणीच्या इसबाला लागू पडलेले मलम आपल्या गजकर्णावर लावणे हा गैरवापराचा सर्वांत प्रचलित प्रकार आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

सात दिवसांत गुण आला नाही, चट्टा वाढला, लस किंवा पिवळी खपली आली, ताप आला, दुखू लागले, किंवा दर महिन्याला तोच चट्टा त्याच जागी उठू लागला, तर मलम थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. इसबाच्या मुलाला अचानक एकसारखे, ठणकणारे बारीक फोड आले आणि ताप चढला, तर त्याच दिवशी न्यावे, कारण ती नागिणीच्या जातीच्या विषाणूची लागण असू शकते.

जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, खोक्यांसकट पिशवीत घालून न्याव्यात, आणि चट्टा पहिल्यांदा दिसला तेव्हाचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर तेही दाखवावेत. बुरशीचा संशय असल्यास डॉक्टर चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, म्हणून त्या दिवशी सकाळी चट्ट्यावर काहीही, अगदी खोबरेल तेलसुद्धा, लावू नये.